काळा पडलेला रुपया भारी कसा काय?

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्दा थोडक्यात सांगतो.

'काका, नमस्कार. आमच्या आजेसासूबाईंच्या पितळी डब्यात नऊ जुने रुपये आहेत. त्यातले सहा त्या दर लक्ष्मीपूजनाला बाहेर काढायच्या, ओल्या रांगोळीने घासून लख्ख करायच्या आणि पाटावर मांडायच्या. १८४०, १८६२, १९०१, १९०७, १९१३ आणि १९४७ असे ते सहा. बाकीचे तीन, १९१८, १९१९ आणि १९४२, डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या पुडीत होते, ते कुणी कधी काढलेच नाहीत, पार काळे पडलेत. आजी मागच्या वर्षी गेल्या. आता हे माझे मिस्टर, दीर आणि नणंद या तिघांत प्रत्येकी तीन असे वाटायचे आहेत. ओळखीच्या एका जाणकारांना दाखवले तर ते म्हणाले की चकचकीत १९०७ चा फक्त चांदीच्या भावाचा, आणि काळा १९१९ चा जवळजवळ यूएनसी, म्हणजे जवळजवळ न फिरलेला आहे, त्याला हात लावू नका. मिस्टरांना हे उलटं वाटतंय. दीर म्हणतात काळे पण घासून एकसारखे करू आणि मग चिठ्ठ्या टाकू, म्हणजे कुणावर अन्याय नको. दिवाळी जवळ आलीय. नाणं चांगलं की वाईट हे घरच्या घरी कसं ओळखायचं? अक्षरांत हळद-कुंकू बसलंय, ते काढायचं का? आणि यंदा पूजेला कुठले मांडायचे? फोटो सोबत पाठवतेय.'

ताई, आधी दिरांना फोन करा आणि सांगा की घासू नका. पुढचं पत्र फोन झाल्यावर वाचा.

तुमचे ते जाणकार बरोबर बोललेत. मी ते रुपये हातात घेऊन पाहिलेले नाहीत त्यामुळे १९१९ चा खरंच तितका चांगला आहे का हे इथून सांगणार नाही, पण चकचकीत आणि काळा यातला फरक त्यांनी सांगितला तो अगदी खरा आहे. आणि मिस्टरांना तो उलटा वाटतोय यातही काही चूक नाही, आपल्या घरात चांदी म्हणजे लख्ख असायला हवी हेच लहानपणापासून बघितलेलं असतं, निरांजन काळं पडलं की आई लगेच घासायला घ्यायची. नाण्याचं मात्र वेगळं आहे. नाण्याला एक कातडी असते असं समजा, ती टांकसाळीत एकदाच येते, आणि एकदा निघाली की जगातला कुठलाही सोनार ती परत आणू शकत नाही.

ही कातडी म्हणजे काय ते सांगतो कारण सगळं इथेच आहे. दोन ठशांच्या मध्ये चांदीची चकती ठेवून प्रचंड दाबाने ठोकतात, त्या क्षणी चांदी ठशाच्या खोलगट भागात आणि कडेकडे अक्षरशः वाहते. त्या वाहण्याच्या अतिशय बारीक रेघा पृष्ठभागावर राहतात, मधून कडेकडे गेलेल्या, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. पण उजेड पडला की त्या रेघांवरून तो असा काही परततो की नाणं कलवलं की उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. याला लस्टर म्हणतात, मी घरात 'मूळ झळाळी' म्हणतो. धूपछाव पैठणीचा पदर हातात धरून हलवला की रंग कसा पळतो, तसं. आणि घासलेल्या नाण्याची चकाकी कशी असते, स्टीलच्या ताटासारखी, कसंही फिरवा सगळीकडून सारखीच चमकते, उजेड पळत नाही. पैठणी आणि स्टीलचं ताट, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती अंगठ्याने रुपयावर फिरवली की त्या वाहण्याच्या रेघा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी रांगोळीचे चरे येतात, केसासारखे बारीक, अंगठा जसा फिरला तसे, बहुतेक वेळा गोलाकार नाहीतर एकाच दिशेने सगळे. टूथपेस्ट, भांड्याची पावडर, राख, सगळ्यांचं हेच. चिंच-लिंबाचा प्रकार वेगळा, त्यातलं आम्ल पृष्ठभाग खातं, चरे दिसत नाहीत पण नाणं निर्जीव पांढरट दिसायला लागतं. मी स्वतः चौदा-पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी दिलेला एडवर्डचा रुपया टूथपेस्टने घासून ठेवला होता. वडील रागावले नाहीत, फक्त म्हणाले आता याच्याकडे बघून शिक. तो अजून माझ्याकडे आहे आणि कुणाला चरे दाखवायचे असले की मी तोच काढतो.

उलट काळेपणा हा चांदीचा आणि गंधकाचा संयोग आहे, हवेतला गंधक, कागदातला गंधक. आजींनी वर्तमानपत्रात बांधून ठेवले म्हणून ते तीन जास्तच काळवंडले असणार. पण हा थर फार पातळ असतो आणि खालची कातडी बऱ्याचदा जशीच्या तशी राहते. म्हणून काळा रुपया भारी 'असू शकतो'. असतोच असं नाही हां. झिजून गुळगुळीत झालेला रुपयाही काळा पडतोच की, आणि काळेपणा फार जाड झाला तर तो लस्टर खाऊन टाकतो. शिवाय गंधक वापरून मुद्दाम काळे-निळे केलेले रुपये पण विकले जातात, त्यामुळे नुसता रंग बघून भाव करू नका. काळ्याच्या खाली काय आहे ते वाचता आलं पाहिजे.

आता वाचायचं कसं. रात्री खोलीतली ट्यूब बंद करा, ट्यूबचा उजेड सगळीकडे पसरतो आणि त्यात चरे लपतात. एकच टेबल लॅम्प लावा, उघडा बल्ब असेल तर उत्तम. खाली घडी घातलेला टॉवेल पसरा म्हणजे नाणं निसटलं तरी कडेला ठोका बसणार नाही. नाणं कायम कडेने धरायचं, दोन बोटांत, चेहऱ्यावर बोट नाही, बोटाचा घाम आणि तेल काही दिवसांनी ठशासारखं कायमचं उमटतं. भिंग पाच ते दहा पट मोठं दाखवणारं पुरे, त्याहून मोठं घेतलंत तर प्रत्येक नाणं खराब वाटायला लागेल. आधी भिंगाशिवाय, नाणं हळूहळू कलवत, उजेड पळतो का बघा. पहिल्यांदा १९०७ चा बघा, मग लगेच १९१९ चा, मग परत १९०७ चा. मिस्टरांना शेजारी बसवा. हे मी कितीही लिहिलं तरी त्या पाच मिनिटांत त्यांना जे दिसेल ते माझ्या लिहिण्याने दिसणार नाही.

कातडी बघून झाली की मग झीज. क्रम हाच ठेवा. बरेच जण आधी झीज बघतात, केस दिसतायत, मुकुट दिसतोय, म्हणून खूश होतात आणि घासलेलं नाणं चांगल्या भावाने घेऊन बसतात.

झीज सगळीकडे सारखी नसते, नाण्यावर जो भाग सगळ्यात उंच तो आधी जातो, खिशात, गल्ल्यात, हातोहाती घासून. प्रत्येक राजाच्या रुपयावर ही उंच जागा वेगळी. १९०७ च्या तुमच्या रुपयावर सातवा एडवर्ड आहे, उजवीकडे तोंड, डोक्यावर मुकुट नाही, टक्कल. त्याच्या कानाच्या वरचे केस, कान आणि भुवई बघा. केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसतायत का सगळ्या मिळून एक गोळा झालाय? मागच्या बाजूला वर मुकुट आहे, त्यातले मोती एकेक मोजता येतात का? १९०१ च्या रुपयावर व्हिक्टोरिया राणी, तिथे कपाळावरचे केस, मुकुटातले खडे आणि अंगावरच्या कपड्याची नक्षी, नक्षीतली फुलं पुसून सपाट झाली असतील तर रुपया भरपूर फिरलाय. १९१३, १९१८ आणि १९१९ हे पाचव्या जॉर्जचे, त्यांच्यात मुकुट, कान, मिशी-दाढी आणि झग्यावरच्या साखळीतला छोटा हत्ती.

या हत्तीबद्दल थोडं विषयांतर. १९११ च्या पहिल्या रुपयावर हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं, नाराजी झाली, आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा ठसा केला. म्हणून १९११ चा 'डुकराचा रुपया' संग्राहकांना हवा असतो. पण पुढच्या सालांचा झिजलेला हत्तीसुद्धा सोंड पुसल्यामुळे डुकरासारखाच दिसतो, आणि तसे रुपये 'हा बघा डुकराचा' म्हणून खपवले जातात. तुमच्या १९१३ च्या रुपयाबद्दल असं कुणी म्हणालं तर साल दाखवा, विषय संपला.

आता एक अडचण जी भल्याभल्यांना चकवते. केस सपाट दिसले म्हणजे झीजच असं नाही, कधी कधी ठोकाच हलका पडलेला असतो, ठशाच्या सगळ्यात खोल भागात चांदी पोचलेलीच नसते. तुमच्या १९१८ आणि १९१९ च्या रुपयात हे जरूर तपासा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची इतकी मागणी वाढली की चांदी पुरेना, अमेरिकेने १९१८ साली कायदा करून स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे पाठवली, आणि आपल्या टांकसाळींनी त्या वर्षांत रुपये ढिगाने पाडले. म्हणून ही सालं आज भरपूर मिळतात आणि सगळेच ठोके सारखे खणखणीत नसतात. फरक ओळखायचा असा की सपाट दिसणाऱ्या त्या जागेवर उजेड पाडा. झीज असेल तर तिथे लस्टर मेलेला असतो, जागा मंद राखाडी दिसते, आजूबाजूला उजेड पळतो आणि इथे येऊन अडखळतो. ठोका हलका असेल तर सपाट जागेवरूनही उजेड तसाच पळत जातो. आणि मागची बाजू बघा, बरोबर त्याच जागेच्या पाठीमागचं चित्रही अर्धवट असेल तर ठोक्याचाच दोष असण्याची शक्यता जास्त. हे शिकायला मला कितीतरी वर्षं लागली आणि अजूनही एखाद्या नाण्यापाशी मी दहा दहा मिनिटं घुटमळतो.

एवढं बघितलंत की मग ग्रेडची नावं. ती इंग्रजीतच चालतात, त्याला इलाज नाही. फाइन म्हणजे भरपूर फिरलेलं पण सगळं ओळखू येतं. व्हीएफ, व्हेरी फाइन, म्हणजे उंच जागा सपाट झाल्यात पण बाकीची नक्षी शाबूत. ईएफ, एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे फक्त सगळ्यात उंच टोकांवर झीज, कोपऱ्याकापऱ्यात, अक्षरांच्या आसपास लस्टर शिल्लक. एयू, अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे अगदी हलका स्पर्श, बहुतेक लस्टर जागेवर, तुमचे जाणकार 'जवळजवळ यूएनसी' म्हणाले ते हेच. आणि यूएनसी म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. पण न फिरलेलं म्हणजे निर्दोष नव्हे, हे फार जणांना माहीत नसतं. टांकसाळीतून रुपये पोत्यांत भरून एकमेकांवर आपटत जायचे, त्यामुळे यूएनसी रुपयावरही गालावर, मोकळ्या जागेत छोटे ठोके असतात. ठोका वेगळा आणि झीज वेगळी.

काही जण आकडे सांगतील, ईएफ ४५, एयू ५५, एमएस ६३ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न फिरलेलं) वगैरे. विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी काढली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. साधारण २० ते ३५ व्हीएफ, ४० आणि ४५ ईएफ, ५० ते ५८ एयू, आणि ६० पासून पुढे न फिरलेली. तुम्हाला घरात वाटणी करायचीय, त्यासाठी आकड्यांत शिरू नका, ६२ का ६३ यावर जाणकारांचंही एकमत होत नाही. अजून एक गुंता म्हणजे ब्रिटिश वळणाचे लोक ईएफ म्हणतात तेव्हा ते अमेरिकन ईएफपेक्षा कडक असतं, त्यामुळे कुणी ग्रेड सांगितली की 'तुम्ही कुठली पद्धत धरता' हे विचारायला लाजू नका.

घासलेल्या नाण्याची ग्रेड कशी सांगायची? झिजेची ग्रेड सांगायची आणि पुढे 'घासलेलं' हा शब्द जोडायचा. 'ईएफ, पण घासलेलं.' ग्रेडिंग कंपन्यासुद्धा तेच करतात, आकडा न देता 'ईएफ डिटेल्स, क्लीन्ड' लिहितात. तुमच्या १९०७ चं असंच असणार, बारकावे चांगले पण कातडी गेलेली. आणि १९०७ चा रुपया दुर्मिळ नाही, त्यामुळे घेणारा म्हणतो मला न घासलेला मिळतोय तर हा कशाला घेऊ, म्हणून चांदीचा भाव. १८४० च्या बाबतीत इतकं कठोर होऊ नका, तो ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया, घासलेला असला तरी त्याला विचारणारे असतात. फक्त एवढं माहीत असू द्या की १८४० हे साल पुढे बरीच वर्षं तसंच छापत राहिले, १८६२ चंही तसंच झालं, त्यामुळे ठशांचे बारीक फरक, कुठे अक्षरं सलग कुठे तुटक, कुठे किती ठिपके, यावर तिथे भाव बदलतो. ते काम जाणकाराला हातात देऊन करून घ्या.

१८६२ च्या फोटोत मला एक गोष्ट दिसली जी पत्रात नाही. राणीच्या डोक्याच्या वर, अगदी कडेला, चांदीचा रंग थोडा वेगळा आहे आणि कडेच्या रेघा तेवढ्या भागात बुजल्यात. बहुतेक तो कुणाच्या तरी हमेलमध्ये, म्हणजे नाण्यांच्या माळेत, नाहीतर पुतळ्यांच्या माळेसारख्या दागिन्यात होता, सोनाराने डाग देऊन कडी लावलेली, मग कधीतरी कडी काढून कानस मारलेली. आपल्याकडे हे घरोघरी व्हायचं. म्हणून कड बघायला विसरू नका, नाणं उभं धरून पूर्ण गोल फिरवा. लोक दोन चेहरे बघतात आणि तिसरी बाजू बघतच नाहीत. भोक बुजवलेलं असेल तर भिंगाखाली तिथली अक्षरं हाताने कोरल्यासारखी वाटतात. मी एकदा असा बुजवलेला रुपया पूर्ण भावाने घेतला होता, विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी कड बघितली नाही. संग्राहकाच्या दृष्टीने कडी लावलेल्या नाण्याची किंमत बरीच उतरते, पण ताई, तो रुपया तुमच्या घरातल्या कुणा बाईच्या गळ्यात होता याचा पुरावा आहे तो. नणंदबाईंना विचारून बघा, कदाचित त्यांना माहीत असेल कुणाचा.

वजन करा. सोनाराकडे जायची गरज नाही, पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणायची ते हेच (हल्ली लक्ष्मी रोडवर तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, तो तोळा वेगळा). फिरलेला रुपया थोडा हलका भरतो, ते साहजिक आहे. पण बारकावे सगळे ठसठशीत आणि वजन मात्र अकराच्या खाली, असं असेल तर संशय घ्या. खात्री करायची तर वाटीत पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. १९१९ पर्यंतच्या तुमच्या सगळ्या रुपयांत ९१.७ टक्के चांदी आहे, त्यामुळे काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. दीड ग्रॅमच्या आसपास दाखवला तर ती चांदी नव्हे.

१९४२ च्या रुपयाला हा हिशोब लागू होणार नाही कारण १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेच ११.६६, चांदी मात्र अर्धी, आणि झिजलेल्या जागी तो पिवळट दिसतो, त्याला डाग समजू नका.

आणि १९४७. हे जरा जपून सांगतो, कारण इतकी वर्षं तो लक्ष्मीपुढे चांदीचा म्हणून मांडलाय. फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि त्याच्याजवळ न्या. चिकटेल. तो निकेलचा आहे, मागे वाघ आहे बघा. आजींना माहीत असेल किंवा नसेल, पूजेला काय फरक पडतो. वाटणीला मात्र पडतो, ज्याच्या चिठ्ठीत तो आला त्याला तीन चांदीचे मिळाले असं होणार नाही, म्हणून आधीच सगळ्यांना सांगा.

हळद-कुंकू अक्षरांत बसलंय म्हणता, टाचणीने अजिबात कोरू नका. घासलेल्या रुपयांवर ते राहिलं तरी काही बिघडत नाही, राहू दे. पुडीतल्या काळ्या तिघांवर तेलकट किंवा चिकट काही असेल तरच शुद्ध ॲसिटोन, केमिकलच्या दुकानातलं, नेलपॉलिश काढायचं नको. काचेच्या वाटीत बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि मऊ कपड्यावर ठेवून टिपायचं. खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि समईपासून लांब, भडकन पेटतं ते. काळेपणा त्याने जाणार नाही, आणि जायला नकोच आहे.

ठेवायचे कशात? वर्तमानपत्र काढून टाका. मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे पाऊच पण नकोत, त्यात पीव्हीसी असतं आणि काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलरची, म्हणजे पारदर्शक फिल्मची, खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, नाण्यांचं साहित्य विकणाऱ्यांकडे किंवा पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे, ते घ्या. स्टेपल केल्यावर पिना पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला चरा पडतो. आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाका.

कुणी सांगेल की १९१९ चा अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग करून प्लॅस्टिकच्या डबीत सील करून आणा. नका पाठवू. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूत मोडतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरने सुद्धा. आणि कुणाचा फोन आला की तुमचे रुपये लाखोंना घेतो, फक्त आधी जीएसटी किंवा प्रोसेसिंग फी भरा, तर फोन ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लोकांना याबद्दल जाहीर सावध केलं होतं, तरी आजही माणसं फसतायत.

राहिली वाटणी. चिठ्ठ्या टाकायची कल्पना चांगली आहे पण एकसारखे करून नव्हे, आहेत तसे. मी असं करेन की तिघांना एका रात्री त्या लॅम्पपाशी बसवेन, प्रत्येकाने स्वतः नऊच्या नऊ बघायचे आणि कागदावर आपापली ग्रेड लिहायची, एकमेकांना न दाखवता. मग ताळा करायचा. जिथे तिघांचं जुळत नाही तेवढीच नाणी जाणकाराकडे न्यायची, आणि शक्यतो अशा माणसाकडे ज्याला ती विकत घ्यायची नाहीत. त्यानंतर तीन गट करा. माझा अंदाज, एका गटात १९१९, दुसऱ्यात १८४०, तिसऱ्यात १९१८ आणि १८६२, आणि बाकीचे पाच भरीला, पण हा फक्त अंदाज आहे, लॅम्पखाली तुम्हाला वेगळं दिसलं तर तुमचं खरं. नणंदबाईंना कडीवाला हवा असेल तर तो चिठ्ठीतून वगळून त्यांना द्या.

पूजेचं विचारलंत म्हणून. १९०७ आणि १९०१ यांचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, त्यांना आता रांगोळी लागली तरी फार काही बिघडणार नाही, ते ज्याच्या वाट्याला येतील त्याने खुशाल पाटावर मांडावेत, आजी मांडायच्या तसे. काळे तीन त्या दिवशीही होल्डरमध्येच ठेवा, होल्डरवर कुंकू लावा.

१९१९ चे फोटो परत पाठवा मला. आधीचे तुम्ही फ्लॅश मारून काढलेत, त्यात सगळं पांढरं झालंय. फ्लॅश बंद, लॅम्प एका बाजूला, दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, मग नाणं थोडं कलवून दोन-तीन, आणि एक कडेचा. कान आणि हत्ती नीट दिसू द्या. जमलं तर कलवताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, लस्टर फोटोपेक्षा व्हिडिओत लवकर कळतो. वसुबारसेच्या आधी पाठवलेत तर लक्ष्मीपूजनापर्यंत मी नक्की सांगतो तो एयू आहे का त्याच्याही वर.